न्यू जर्सीतलं स्कूल डिस्ट्रिक्ट: मुलांचे गुण, शाळेचा पैसा आणि आपला प्रॉपर्टी टॅक्स (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एडिसन, प्लेन्सबरो, ईस्ट ब्रन्सविक, साउथ ब्रन्सविक, पिस्काटवे, ब्रिजवॉटर. मध्य न्यू जर्सीत घर शोधणारं मराठी कुटुंब सगळ्यात आधी विचारतं ते "तिथली शाळा कशी आहे?" प्रश्न रास्तच आहे, घराच्या किमतीतला मोठा हिस्सा आपण शाळेसाठीच मोजतो. पण शाळा चालते कशावर, ते पैसे कोण ठरवतं आणि पुढची पाच वर्षं ते पुरणार आहेत का, हे फार कमी जण विचारतात. मग एखाद्या वसंतात अचानक कळतं की लायब्ररियन कमी केला, बस बंद झाली, वर्गात मुलं वाढली. मंडळाच्या कार्यक्रमांत, पार्किंगमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळा तपशील न्यू जर्सीचा आहे, इतर राज्यांत नियम वेगळे असतात.

रेटिंग ९ किंवा १० असेल तरच घर घ्यावं का?

नाही. घर विकणाऱ्या वेबसाइटवर जो १ ते १० आकडा दिसतो, त्यात परीक्षेच्या गुणांना मोठं वजन असतं आणि परीक्षेचे गुण पालकांच्या उत्पन्नाशी व शिक्षणाशी घट्ट बांधलेले असतात. अमेरिकेत कोणत्याही राज्याचे आकडे काढा, हेच दिसेल. दोघं पालक इंजिनिअर, घरात पुस्तकं, तिसरीपासून गणिताचा क्लास, उन्हाळ्यात वर्कबुक; अशी शंभर मुलं ज्या शाळेत असतील तिचा आकडा चांगला येणारच. त्यातलं किती शाळेने शिकवलं आणि किती घराने, हे तो आकडा सांगत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गल्लत जास्त होते, कारण आपण रेटिंग बघून तिथे राहायला जातो, मुलांना क्लासला घालतो, त्यांचे गुण शाळेच्या आकड्यात भर घालतात आणि तो आकडा बघून पुढचं कुटुंब येतं. घरांच्या किमती चढतात त्या अशाच. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञाने १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतली घरं तपासली, तीही शाळेची हद्द जिथे रस्त्याच्या मधून जाते तिथली. एकाच वस्तीतली, सारखीच घरं, फरक फक्त शाळेचा. परीक्षेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घराला सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते, असं तिला आढळलं.

रेटिंग ७ असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, गावाच्या सार्वजनिक शाळा चालवणारी यंत्रणा) निरनिराळ्या उत्पन्नाची, निरनिराळ्या भाषांची मुलं असतात म्हणून सरासरी खाली येते. तिथल्या हायस्कूलमध्ये तुमच्या मुलीला तेच कॅल्क्युलस, तेच एपी (कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्स आणि कदाचित जास्त चांगला ऑर्केस्ट्रा मिळू शकतो. म्हणून सरासरीपाशी थांबू नका.

मग डिस्ट्रिक्ट खरंच चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

राज्याचं शिक्षण खातं दर वर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट प्रसिद्ध करतं. तो फुकट आहे आणि कुठल्याही रेटिंगपेक्षा जास्त सांगतो. त्यात या गोष्टी बघा.

एनजेएसएलए ही राज्याची परीक्षा. इंग्रजी आणि गणिताचे गुण ६५० ते ८५० या पट्टीवर येतात, पाच पातळ्या असतात आणि ७५० म्हणजे इयत्तेची अपेक्षा पूर्ण झाली. रिपोर्टमध्ये चौथ्या-पाचव्या पातळीवर किती टक्के मुलं आहेत ते दिसतं. पण त्याच्या शेजारचा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो: ग्रोथ, म्हणजे स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल. गेल्या वर्षी ज्यांचे गुण तुमच्या मुलासारखेच होते, अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या वर्षी तो किती पुढे गेला, हे १ ते ९९ मध्ये सांगितलेलं असतं. शाळेचा मधला आकडा ५० च्या आसपास असेल तर ती शाळा मुलांना राज्याच्या सर्वसाधारण वेगाने पुढे नेते आहे. आता कल्पना करा, एका शाळेत ८० टक्के मुलं पास आणि ग्रोथ ४२. दुसरीत ५८ टक्के पास आणि ग्रोथ ६१. पहिल्या शाळेत पुढे असलेली मुलं येतात. दुसरीतले शिक्षक मुलांना पुढे ढकलतात. मी माझं मूल दुसरीत घालीन.

याशिवाय गटनिहाय आकडे बघा: कमी उत्पन्नाच्या घरची मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, विशेष शिक्षण घेणारी मुलं. या गटांचं ज्या शाळेत बरं चाललं आहे, तिथली व्यवस्था जागी आहे असं समजा. आणि क्रॉनिक अ‍ॅब्सेंटीझम, म्हणजे वर्षातले १० टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण, तेही बघा. आपल्यातल्या काही घरांना हा आकडा स्वतःच वाढवायची सवय आहे: डिसेंबरात भारतात पाच आठवडे.

पाच-सात वर्षांपूर्वीच्या गुणांशी तुलना करता येते का?

सावधपणे. २०१५ पासून पार्क नावाची परीक्षा होती, २०१९ पासून एनजेएसएलए आली, २०२० आणि २०२१ च्या वसंतात कोविडमुळे परीक्षा झालीच नाही. २०२२ ते २०२५ चे आकडे एका रांगेत लावून बघणं सुरक्षित. अकरावीतली एनजेजीपीए ही हायस्कूल पूर्ण करण्यासाठीची परीक्षा वेगळी, तिची रेषा ७२५ वर आहे. ती एनजेएसएलएशी ताडू नका.

शाळेला पैसा देतं कोण?

तीन खिसे आहेत आणि ते अजिबात सारखे नाहीत. बहुतेक सुस्थित उपनगरांत सगळ्यात मोठा खिसा तुमचा-आमचा, म्हणजे स्थानिक प्रॉपर्टी टॅक्स. दुसरा राज्याची मदत. तिसरा केंद्र सरकारचा आणि तो एकूण बजेटच्या मानाने छोटा, मुख्यतः कमी उत्पन्नाची मुलं, विशेष शिक्षण आणि जेवण यांसाठी.

ऑगस्टच्या हप्त्याबरोबर येणारं टॅक्स बिल एकदा नीट उलगडून बघा. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार हप्ते आपण भरतो, बँकेच्या एस्क्रोमधून जात असतील तर बिल उघडतही नाही. त्यात ओळी असतात: काउंटी, म्युनिसिपल, लायब्ररी, ओपन स्पेस आणि शाळा. शाळेची ओळ सगळ्यात लांब. राज्यभराचा हिशेब केला तर प्रॉपर्टी टॅक्सच्या प्रत्येक डॉलरमधले निम्म्याहून थोडे जास्त सेंट शाळांना जातात. २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं सरासरी बिल वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेलं. भाड्याने राहणाऱ्यांना बिल येत नाही, पण मालक ते भाड्यातूनच वसूल करतो, तेव्हा "आपला काय संबंध" असं म्हणायला तेही मोकळे नाहीत.

राज्य कुणाला किती द्यायचं हे कसं ठरवतं?

यामागे पन्नास वर्षांची कोर्टातली लढाई आहे, ती माहीत असली की पुढचं सोपं जातं.

न्यू जर्सीच्या राज्यघटनेत ५ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला 'संपूर्ण आणि कार्यक्षम' अशी मोफत सार्वजनिक शिक्षणव्यवस्था देण्याची हमी आहे. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या सॅन अँटोनियोमधल्या खटल्यात सांगितलं की शाळांना सारखा निधी मिळणं हा केंद्रीय घटनेने दिलेला हक्क नाही. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात राज्यघटनेच्या त्या एका वाक्याच्या आधारे उलट दिशा धरली: फक्त प्रॉपर्टी टॅक्सवर शाळा चालवणं इथे चालणार नाही. विधिमंडळ पैसे उभे करेना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून कोर्टाने शाळांवरचा खर्चच थांबवला. आठवड्याभरात राज्याचा इन्कम टॅक्स मंजूर झाला. तुमच्या पे-स्टबवर जो न्यू जर्सी स्टेट टॅक्स कापला जातो, त्याचा जन्म शाळांसाठी झाला आहे.

१९८१ मध्ये कॅम्डन आणि इतर गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने अ‍ॅबट विरुद्ध बर्क हा खटला दाखल झाला. त्याचे निकाल पुढे पंचवीस-तीस वर्षं येत राहिले. त्यातून ३१ गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीने निधी आणि १९९८ च्या निकालाने तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार प्रीस्कूल मिळालं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या राज्यात आपण 'चांगल्या शाळा' म्हणून येतो, त्या राज्याने गरीब मुलांच्या शाळाही कोर्टात जाऊन सुधारल्या आहेत. राष्ट्रीय चाचणीत न्यू जर्सी मॅसॅच्युसेट्सच्या बरोबरीने वरच्या रांगेत असतं, त्यात याचाही वाटा आहे.

२००८ मध्ये सध्याचं सूत्र आलं, स्कूल फंडिंग रिफॉर्म अ‍ॅक्ट. ते असं चालतं. आधी राज्य ठरवतं की तुमच्या डिस्ट्रिक्टमधल्या मुलांना पुरेसं शिकवायला किती खर्च यायला हवा. प्राथमिकच्या मुलापेक्षा हायस्कूलच्या मुलाला जास्त वजन, घरची परिस्थिती बेताची असेल तर त्याहून जास्त, इंग्रजी शिकत असेल तर आणखी. मग राज्य बघतं की तुमचं गाव स्वतः किती देऊ शकतं: सगळ्या मालमत्तेची बाजारभावाने किंमत आणि रहिवाशांचं एकूण उत्पन्न, दोन्ही मिळून. याला लोकल फेअर शेअर म्हणतात. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरते ती मुख्य मदत.

समजा सूत्राने २० कोटी डॉलर पुरेसे ठरवले आणि गावाची ऐपत १६ कोटींची निघाली. राज्य ४ कोटी देईल. पुढच्या वर्षी मुलं तेवढीच, पण घरांच्या किमती आणि पगार वाढल्यामुळे ऐपत १७ कोटी झाली. राज्याची मदत ३ कोटींवर येईल. गावाने तो जास्तीचा कोटी प्रत्यक्षात टॅक्समधून उभा केला की नाही, हे सूत्र विचारत नाही. इथेच उपनगरांचं घोडं अडतं.

आमच्या गावाची मदत का कमी झाली? आम्ही काही श्रीमंत नाही.

दोन कारणं असतात. एक वर सांगितलं. गेल्या काही वर्षांत मध्य न्यू जर्सीत घरांचे भाव भडकले. त्यात राहणाऱ्याच्या हातात एक डॉलर जास्त आलेला नसतो, पण सूत्राच्या नजरेत गाव श्रीमंत झालं.

दुसरं कारण २०१८ चा कायदा, ज्याला सगळे एस-टू म्हणतात. २००८ चं सूत्र अनेक वर्षं पूर्ण पाळलंच गेलं नव्हतं. काही डिस्ट्रिक्टना हक्कापेक्षा जास्त मिळत होतं, काहींना बरंच कमी. एस-टूने सात वर्षांत हे सरळ करायचं ठरवलं. ज्यांची मुलं वाढली होती पण मदत गोठली होती, त्यांना फायदा झाला. जर्सी सिटीची मदत झपाट्याने घटली, तिथे शाळांसाठी २०१८ मध्ये पेरोल टॅक्स आणावा लागला. किनाऱ्यावरच्या टॉम्स रिव्हरमध्ये मुलांची संख्या घटली होती, त्यांनाही जबर फटका बसला. २०२५-२६ साठी राज्याने घट ३ टक्क्यांवर आणि वाढ ६ टक्क्यांवर थांबवली. त्यामुळे डिस्ट्रिक्टना अंदाज बांधणं थोडं सोपं झालं, पण ज्यांना अजून हक्काचं मिळायचं आहे त्यांची वाट लांबली.

यात कोविडच्या पैशांची भर धरा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने देशभरच्या शाळांना १२२ अब्ज डॉलर दिले. ते कशाकशाला वापरायचे याचे करार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत करून टाकायचे होते. त्या पैशांतून ज्यांनी कायमची माणसं नेमली, तिथे नंतर खड्डा पडला.

२ टक्क्यांची मर्यादा आहे ना, मग माझं बिल ६ टक्क्यांनी कसं वाढलं?

हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. २०११ पासून लागू असलेली २ टक्क्यांची मर्यादा तुमच्या बिलावर नाही. ती डिस्ट्रिक्ट संपूर्ण गावाकडून जितकी रक्कम गोळा करतं, त्या एकूण रकमेवर आहे. तुमचा वाटा तुमच्या घराच्या असेसमेंटवर, म्हणजे टॅक्ससाठी ठरवलेल्या किमतीवर ठरतो. गावातल्या एखाद्या मोठ्या वेअरहाउसने किंवा ऑफिस पार्कने अपील करून स्वतःची असेसमेंट कमी करून घेतली, तर गोळा करायची रक्कम तीच राहते आणि तिचा भार घरांवर सरकतो. तुम्ही बेसमेंट किंवा डेक परवाना काढून बांधलं असेल तर तुमचा वाटा वाढतो. मर्यादेलाही अपवाद आहेत: आरोग्यविम्याचा खर्च, मुलांची वाढलेली संख्या. आधीच्या वर्षी न वापरलेली वाढ साठवून नंतर वापरता येते. मतदारांनी मंजूर केलेल्या बाँडचा, म्हणजे इमारतींसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तर मर्यादेबाहेरच.

दोन गावांचे टॅक्स दर थेट ताडू नका. ज्या टाउनशिपने वर्षानुवर्षं रिव्हॅल्युएशन, म्हणजे सगळ्या घरांची नव्याने किंमत ठरवण्याचं काम केलेलं नाही, तिथे असेसमेंट जुनीपुराणी आणि कमी असते, म्हणून शंभर डॉलरमागचा दर कागदावर प्रचंड दिसतो. बिलाची रक्कम भागिले घराचा बाजारभाव, हाच हिशेब दोन्ही गावांसाठी करा.

आणि पायलट, म्हणजे 'पेमेंट इन लू ऑफ टॅक्सेस'. हा मुद्दा मला कळकळीने मांडायचा आहे. नवी अपार्टमेंट येतात तेव्हा म्युनिसिपालिटी बिल्डरशी दीर्घ मुदतीचा करार करते: नेहमीच्या प्रॉपर्टी टॅक्सऐवजी ठरावीक रक्कम. कायद्याने त्या रकमेतले ९५ टक्के म्युनिसिपालिटीला, ५ टक्के काउंटीला. शाळेचा त्यात वाटा नाही. त्या अपार्टमेंटमधली मुलं मात्र शाळेत येतात. कौन्सिल स्वेच्छेने शाळेला हिस्सा देऊ शकते, पण कुणी मागितलाच नाही तर देणार कशाला? म्हणून स्कूल बोर्डाच्या सभेइतकंच टाउन कौन्सिलच्या सभेवर लक्ष ठेवा.

एवढा पैसा जातो कुठे?

बहुतांश माणसांवर. पगार आणि आरोग्यविमा मिळून बजेटचा सिंहाचा वाटा होतो आणि विम्याचे हप्ते २ टक्क्यांहून खूप वेगाने वाढतात. शिक्षकांच्या पेन्शनमधला मालकाचा हिस्सा राज्य भरतं, तो डिस्ट्रिक्टच्या बजेटमध्ये दिसत नाही.

त्यानंतर विशेष शिक्षण. १९७५ मध्ये केंद्राने अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला तेव्हा एका मुलामागच्या राष्ट्रीय सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात १५ टक्केही मिळत नाहीत. बाकीचं राज्याने आणि गावाने भरायचं. एखाद्या मुलाला डिस्ट्रिक्टबाहेरच्या खास शाळेत पाठवावं लागलं तर वर्षाचा खर्च एका शिक्षकाच्या पगाराहून जास्त होऊ शकतो. हे वाचून कुणी त्या मुलांकडे बोट दाखवू नये. त्यांचा हक्क पक्का आहे. थकबाकी वॉशिंग्टनची आहे.

पैसा वाढवला म्हणून मुलं जास्त शिकतात का?

हो, आणि याचा पुरावा आता भक्कम आहे. १९६६ च्या कोलमन अहवालानंतर बराच काळ असं मानलं जायचं की सगळं घरावर अवलंबून, शाळेच्या पैशाने फारसा फरक पडत नाही. २०१६ मध्ये जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघांनी कोर्टाच्या निकालांमुळे ज्या डिस्ट्रिक्टना अचानक निधी मिळाला, तिथली मुलं मोठी होईपर्यंतची माहिती तपासली. बाराही वर्षं दर मुलामागे १० टक्के जास्त खर्च झाला असेल, तर मोठेपणी त्यांचं वेतन सुमारे ७ टक्क्यांनी जास्त होतं आणि गरीब घरांतल्या मुलांना याहून जास्त फायदा झाला.

श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये आणखी एक टर्फचं मैदान केल्याने गणित सुधारत नाही, हेही खरं. पैसा वर्गापर्यंत पोचतो का, वाचनाच्या तज्ज्ञ शिक्षिकेकडे जातो का, हे बजेटच्या ओळींतून कळतं.

माझ्या मुलाला स्कूलबस का नाही? शेजारच्या सोसायटीला आहे.

आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून आणि हायस्कूलच्या मुलाचं अडीच मैलांहून लांब असेल, तर बस देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच्या आतलं अंतर म्हणजे कर्टसी बस: तिला राज्याची मदत नाही, म्हणून तंगी आली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. मधे धोक्याचा हायवे असेल तर म्युनिसिपालिटीकडे पोलिसांचा क्रॉसिंग गार्ड मागता येतो. काही डिस्ट्रिक्ट वार्षिक फी घेऊन बसमधली जागा देतात.

घरात मराठी बोलतो असं फॉर्मवर लिहिलं तर मुलाला ईएसएलमध्ये (इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात) टाकतील, म्हणून 'इंग्लिश' लिहावं का?

कृपया खोटं लिहू नका. फॉर्मवर मराठी लिहिल्याने फक्त एवढंच होतं की शाळा मुलाचं इंग्रजी तपासते. ते व्यवस्थित असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल तर त्याला जी मदत मिळेल ती १९७४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याच्या हक्काची आहे आणि त्यासाठी सूत्रात डिस्ट्रिक्टला जास्त वजन मिळतं. इमिग्रेशनची कागदपत्रं मात्र शाळा प्रवेशासाठी मागू शकत नाही. १९८२ च्या निकालाने ते पक्कं झालं आहे. तिथे राहत असल्याचा पुरावा, जन्मतारीख आणि लसी, एवढं लागतं.

मराठी चालू ठेवल्याचा एक सरळ व्यवहारी फायदाही आहे. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला परकीय भाषेचे ५ क्रेडिट लागतात किंवा मान्य चाचणीने तेवढी भाषा येते हे दाखवावं लागतं. शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत वाचायला-लिहायला शिकलेल्या मुलाने गाइडन्स काउन्सिलरकडे याची चौकशी नक्की करावी.

मुलाला वाचनात किंवा बोलण्यात अडचण वाटते आहे. वाट बघावी का?

नको. लेखी पत्र द्या, ईमेल चालेल: "माझ्या मुलाचं चाइल्ड स्टडी टीमकडून मूल्यमापन व्हावं अशी विनंती." तारीख टाका. शाळेने २० दिवसांत बैठक घ्यायची असते. तुम्ही संमती दिल्यापासून मूल्यमापन, पात्रता आणि आयईपी (मुलासाठीचा खास शिक्षण-आराखडा) हे सगळं ९० दिवसांत व्हायला हवं. शिक्षिकेशी फाटकाजवळ तोंडी बोललात तर घड्याळ सुरू होत नाही. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' यात दुसरी-तिसरी निघून जाते आणि नेमकी तीच वर्षं वाचनासाठी सगळ्यात मोलाची असतात.

नवी इमारत हवी, पण बाँडला मत द्यावं का?

वर्ग ट्रेलरमध्ये भरत असतील तर माझं उत्तर हो. इमारतीचा मोठा खर्च रोजच्या बजेटमधून होत नाही, त्यासाठी रेफरेंडम, म्हणजे मतदारांचा कौल घ्यावा लागतो. तो मंजूर झाला तर कायद्यानुसार पात्र खर्चाच्या किमान ४० टक्के भार राज्याने उचलायचा असतो. तीच छतं, तेच बॉयलर नंतर बजेटमधून दुरुस्त केले तर तेवढी मदत मिळत नाही. मात्र मतपत्रिकेत एकापेक्षा जास्त प्रश्न असतील तर प्रत्येक वेगळा वाचा. वर्गखोल्या एका प्रश्नात आणि स्टेडियमचे दिवे दुसऱ्यात असू शकतात.

इतक्या चांगल्या डिस्ट्रिक्टमध्ये मुलं एवढी दमलेली का दिसतात?

२०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचे सुपरिंटेंडेंट (शाळांचे प्रमुख) डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण, मानसिक तपासणीसाठी पाठवावी लागलेली मुलं, रुग्णालयात दाखल झालेली मुलं, सगळं त्यात होतं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या, काही रात्री गृहपाठमुक्त केल्या. पालकांत उभी फूट पडली आणि स्थलांतरित आशियाई पालकांपैकी अनेकांना वाटलं की शिक्षणाचा दर्जा उतरवला जातो आहे.

मी अ‍ॅडरहोल्ड यांच्या बाजूने आहे. आपण ज्या स्पर्धेतून आलो, तिथे जागा खरोखर मोजक्या होत्या. इथे रटगर्ससारखं उत्तम राज्य विद्यापीठ अर्ध्या तासावर आहे. सातवीतल्या मुलाला दोन वर्षं पुढचं गणित मिळालं नाही म्हणून त्याचं काहीही बुडत नाही. पण त्याची झोप बुडते आहे का, हे घरात बघायला हवं. शाळेत काउन्सिलर किती मुलांमागे एक आहे, हेही रेटिंगच्या आधी विचारा. बजेट आखडलं की बसच्या पाठोपाठ काउन्सिलरची जागा जाते.

आम्ही एच-वन-बी वर आहोत, मत देता येत नाही. मग आमचं कोण ऐकणार?

मत नागरिकांनाच आहे, बोलण्याचा हक्क मात्र सगळ्यांना. १९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज कायद्याखाली बोर्डाच्या सभा खुल्या असतात आणि त्यात लोकांना बोलायला वेळ द्यावाच लागतो. व्हिसा कुणी विचारत नाही.

वेळापत्रक असं. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला गव्हर्नरचं बजेट भाषण होतं. त्यानंतर दोन दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा जाहीर होतो. मार्चमध्ये बोर्ड कच्चं बजेट काउंटीकडे पाठवतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाहीर सुनावणी. १ जुलैला नवं वर्ष सुरू. पूर्वी बजेटवर एप्रिलमध्ये मतदान व्हायचं. २०१२ पासून ज्या डिस्ट्रिक्टनी निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेली, तिथे मर्यादेतल्या बजेटला मतदानच नाही. त्यामुळे मार्च आणि एप्रिलमध्ये सभागृहात येऊन बोलणं हाच उरलेला दरवाजा.

आमच्या टाउनशिपमध्ये एका वर्षी चौथीच्या मुलांचा व्हायोलिनचा तास कापायचं घाटत होतं. मार्चच्या सभेला सहा-सात पालक होते. कुणीतरी यूजर-फ्रेंडली बजेट (बजेटचा लोकांसाठीचा सोपा सारांश) छापून आणलं होतं, त्यात त्या शिक्षकाच्या पगाराची ओळ आणि शेजारी सल्लागारांच्या फीची ओळ पिवळ्या मार्करने रंगवली होती. माइकवर तीन मिनिटं मिळतात. एका आईने दोन्ही आकडे वाचून दाखवले, 'हे कमी करा, ते ठेवा' एवढंच सांगितलं आणि बसली. एप्रिलच्या बजेटमध्ये तो तास परत आला. मेच्या सुनावणीला यायचं ठरवलं असतं तर उशीर झाला असता, कारण तोवर सगळं ठरलेलं असतं.

तुम्हाला हवी ती माहिती वेबसाइटवर नसेल तर ओप्राखाली (सरकारी कागदपत्रं लोकांना खुली करणारा राज्याचा कायदा) लेखी अर्ज करा. साधारणपणे कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोघम विचारू नका. "२०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये प्रत्येक प्राथमिक शाळेत इयत्तेनुसार वर्गातल्या मुलांची संख्या" असं नेमकं मागा.

आणि तुमच्यापैकी जे नागरिक झाले आहेत, वर्षभर गावात राहिले आहेत आणि मतदार म्हणून नोंदलेले आहेत, त्यांनी बोर्डाला उभं राहण्याचा विचार करावा. मुदत तीन वर्षं, मानधन शून्य, कामाच्या रात्री पुष्कळ. अर्जाला ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या लागतात आणि तो जुलैच्या अखेरीस द्यायचा असतो. सह्या गोळा करताना दोन-चार जास्त घ्या, कारण एखादी सही बाद झाली तरी अर्ज टिकतो.